पिसांचा झगा आणि राहून गेलेली रंगीत तालीम

'टॉप हॅट' या १९३५ सालच्या कृष्णधवल चित्रपटातील 'चीक टू चीक' हे नृत्य थांबवत थांबवत पाहिले, तर एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. गर्दीतून निसटलेली जोडी छोटा पूल ओलांडून मोकळ्या जागेत येते, गिरक्या सुरू होतात, आणि जिंजर रॉजर्सच्या झग्यातून सुटलेले एखादे पीस हवेत तरंगताना दिसते. पुढे चकचकीत फरशीवरही एखाद-दुसरे पीस पडलेले आढळते. तिचा या नृत्यातला जोडीदार फ्रेड अस्टेअर याची ख्याती अशी, की पावलाचा कोन किंचित चुकला तरी सगळे नृत्य तो पहिल्यापासून करायला लावी. अशा माणसाच्या सर्वांत गाजलेल्या नृत्यात ही पिसे राहिली कशी?

याचे उत्तर चित्रीकरणाच्या वेळी झालेल्या एका भांडणात आहे. हॉलिवूडच्या आठवणींमध्ये ते विनोदी किस्सा म्हणून सांगितले जाते: हट्टी नायिका, चिडलेला नायक, मध्ये पडलेली आई आणि शेवटी गोड समेट. प्रस्तुत अभ्यासात तो प्रसंग कामाच्या ठिकाणचा एक पेच म्हणून तपासला आहे. कोणाच्या हाती कोणता निर्णय होता, चूक नेमकी कुठे झाली, आणि पडद्यावर जे उमटले त्यावरून कोणाचे म्हणणे खरे ठरले, हे त्यात पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

'टॉप हॅट' हा आरकेओ या कंपनीचा चित्रपट. निर्माता पँड्रो बर्मन, दिग्दर्शक मार्क सँडरिच, गीते आणि संगीत अर्व्हिंग बर्लिनचे. अस्टेअर आणि रॉजर्स यांचा हा एकत्र असा चौथा चित्रपट होता, पण खास या जोडीसाठी पटकथा लिहिली गेली ती प्रथमच. त्यासाठी सुमारे सहा लाख डॉलर खर्च झाला. अमेरिका तेव्हा महामंदीतून पुरती सावरलेली नव्हती आणि आरकेओची स्वतःची आर्थिक घडीही विस्कटलेली होती, म्हणून या जोडीवर कंपनीची भिस्त फार मोठी होती.

दोघांची कारकीर्द अगदी वेगळ्या वाटांनी येथवर आली होती. १८९९ साली जन्मलेला अस्टेअर लहानपणापासून बहीण अडेल हिच्यासोबत रंगमंचावर नाचत होता; १९३२ साली लग्न करून तिने रंगमंच सोडला आणि तो एकटा पडला. एका जोडीतून नुकताच मोकळा झालेला हा माणूस दुसऱ्या कायमच्या जोडीत अडकायला तयार नव्हता, आणि आपल्या व्यवसाय-प्रतिनिधीला त्याने तसे स्पष्ट कळवलेही होते. जिंजर रॉजर्स त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होती. या जोडीचा जन्म होण्याआधीच तिच्या नावावर बरेच चित्रपट होते, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचा अनुभव तिचा अधिक, तर नृत्याचा त्याचा.

अधिकारांची वाटणी मात्र समान नव्हती. आपली नृत्ये कशी रचायची आणि पडद्यावर कशी दाखवायची, याचा जवळजवळ पूर्ण अधिकार अस्टेअरने करारातच मिळवला होता आणि चित्रपटाच्या नफ्यातही त्याचा वाटा होता. रॉजर्स ही कंपनीची करारबद्ध अभिनेत्री होती. पावले कोणती, किती वेळा आणि कोणत्या कोनातून, हे तिच्यासाठी आधीच ठरलेले असे. तिला खऱ्या अर्थाने आपले म्हणता येईल असे क्षेत्र एकच होते, ते म्हणजे वेश. पुढे जे घडले त्याकडे पाहताना ही वाटणी डोळ्यांसमोर ठेवली नाही, तर सगळा मामला 'स्त्रीहट्ट' या एका शब्दात गुंडाळला जातो. बहुतेक ठिकाणी तो तसाच गुंडाळला गेला आहे.

नृत्य बसवण्याची पद्धत

अस्टेअरची नृत्ये नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन याच्या साथीने बसत. चित्रीकरणाच्या कित्येक आठवडे आधी दोघे एका रिकाम्या खोलीत, पियानोवादकाला बसवून, काम सुरू करीत. नायिकेची पावले त्या काळात पॅन स्वतः करी, म्हणजे अस्टेअरच्या मिठीत जिंजरच्या जागी पॅन असे. आकृती पक्की झाली, की पॅन ती जिंजरला शिकवी आणि मग दोघांची तालीम होई.

या पद्धतीत एक फट होती, आणि ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. पॅन शिकवत होता ती पावले, अंतरे, वजन आणि तोल. झगा तो शिकवू शकत नव्हता. पुरुषाच्या साध्या कपड्यांत बसवलेल्या आकृतीत शरीराभोवती घेराची हालचाल नसते. गिरकी संपल्यावर कापड किती वेळ फिरत राहते, जोडीदाराच्या पायात येते का, हात पाठीवर नेमका कुठे टेकायचा, यांपैकी काहीही तेथे कळत नाही. जिंजरही तालमीला साध्या पोशाखात येई. आपल्याकडे नाटकाच्या शेवटच्या, वेशभूषेसह होणाऱ्या तालमीला 'रंगीत तालीम' म्हणतात. या कृष्णधवल नृत्याची रंगीत तालीम झालीच नाही. झगा आणि नृत्य यांची पहिली भेट थेट कॅमेऱ्यासमोर झाली.

त्यातही चित्रीकरणाची रीत अशी, की वेशातला दोष झाकायला जागाच नव्हती. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या संगीतपटांत कॅमेरा छतावरून फुलांसारख्या आकृत्या टिपे, मध्येच पाय दाखवी, मध्येच चेहरे. अस्टेअरला हा प्रकार मुळीच मान्य नव्हता. नर्तकाचे शरीर डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत दिसलेच पाहिजे आणि नृत्य शक्य तितके सलग टिपले पाहिजे, हा त्याचा नियम. एकतर कॅमेरा नाचेल किंवा मी, अशा अर्थाचे त्याचे वाक्य प्रसिद्धच आहे. अशा सलग चित्रणात मधला खराब तुकडा काढून दुसरा जोडता येत नाही. तिसऱ्या मिनिटाला नाकात पीस गेले, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. ज्याला आपण चिडखोरपणा म्हणतो त्याच्या मुळाशी हा हिशेब होता.

झगा

झगा शिवला बर्नार्ड न्यूमनने. न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या उंची कपड्यांच्या पेढीतून तो आरकेओकडे आला होता. कल्पना मात्र जिंजरची होती. तिने आपल्या आठवणींत सांगितल्याप्रमाणे तिला फ्रेंच चित्रकार मोने याच्या चित्रांत दिसतो तसा निळा रंग हवा होता, साटीनचे कापड हवे होते आणि त्यावर शहामृगाची भरपूर पिसे. पाठ खोल उघडी, खांद्यांभोवती पिसांची कड आणि कमरेखाली पिसांचाच घेर, असा तो झगा होता. पिसांचाच खर्च १,५०० डॉलर झाल्याचे सांगितले जाते, आणि मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती.

जो चित्रपट काळ्या-पांढऱ्यातच दिसणार, त्यात निळ्या रंगाचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. एक कारण सरळ आहे. कृष्णधवल फिल्म निळ्याला विशेष तत्परतेने टिपते, त्यामुळे फिका निळा पडद्यावर पांढऱ्याच्या जवळ जातो, तरी निखळ पांढऱ्यासारखा दिव्यांखाली भगभगत नाही. दुसरे कारण जिंजरच्या बाजूचे, आणि ते मला अधिक पटते. प्रेक्षकाला निळा दिसणार नसला, तरी तो घालणारीला दिसत होता. अभिनेत्रीने आपल्या अंगावर काय आहे हे जाणून हालचाल करावी, यात नखरा कसला?

शहामृगाच्या पिसाचीही एक खासियत येथे लक्षात घ्यावी लागते. इतर बहुतेक पक्ष्यांच्या उडण्याच्या पिसांत तंतूंना सूक्ष्म आकडे असतात आणि ते एकमेकांत अडकून पिसाचे पाते ताठ राहते. शहामृग उडत नाही. त्याच्या पिसांना असे आकडे नसतात, म्हणून त्यांचे तंतू सुटे, मऊ आणि अतिशय हलके राहतात. श्वासाच्या झुळकेनेही ते हलतात, आणि याच गुणासाठी झग्याला ती लावतात. पण जे श्वासाने हलते ते गिरकीने किती हलेल! देठ कापडाला घट्ट टाचलेला नसेल, तर मेजवानीत मिरवताना जे पीस वर्षभर टिकेल ते नाचात पहिल्याच फेरीला सुटेल.

चित्रीकरणाच्या दिवशी

त्या दिवसाच्या दोन हकिकती उपलब्ध आहेत, आणि दोन्ही सांगणारे त्या प्रसंगातले पक्षकारच आहेत. अस्टेअरने ती १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली, तर जिंजरने १९९१ साली आपल्या. मूळ घटनेबाबत दोघांचे फारसे दुमत नाही. वेगळे आहे ते काय लक्षात राहिले, एवढेच.

अस्टेअरच्या आठवणीत राहिली आहेत पिसे. गाण्याचा भाग सुरळीत पार पडला, पण नृत्याच्या पहिल्या हालचालींबरोबर पिसे उडू लागली. कोयोट म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्याच्या जातीचा प्राणी. त्याने कोंबडीवर झडप घातल्यावर दिसेल तसे ते दृश्य होते, असे त्याने लिहिले आहे. पिसे त्याच्या डोळ्यांत गेली, तोंडावर आली, अंगावर चिकटली. त्याच्या अंगावर काळा टेलकोट होता, हेही विसरून चालणार नाही. काळ्या लोकरीवर पांढरट पीस म्हणजे कृष्णधवल पडद्यावर दिव्यासारखे उठून दिसणार. रंगीत चित्रपटात कदाचित खपून गेले असते असे किटाळ येथे खपण्यासारखे नव्हते. त्याचा पारा चढला आणि तो जिंजरवर ओरडला.

जिंजरच्या आठवणीत राहिली आहेत माणसे. झगा घालून ती सेटवर आली तेव्हापासूनच चेहरे उतरलेले होते, असे तिचे म्हणणे. दिग्दर्शक सँडरिचने सुचवले, की तिने आधीच्या 'द गे डिव्होर्सी' या चित्रपटातला पांढरा झगा घालावा. म्हणजे नव्या चित्रपटाच्या मुख्य नृत्यात नायिकेने मागल्या वर्षीचा, प्रेक्षकांनी पाहिलेला कपडा घालायचा. तिने नकार दिला आणि आईला बोलावणे गेले. लीला रॉजर्स ही काही साधी आई नव्हती. चित्रपट आणि नाटक या व्यवसायांची तिला चांगली माहिती होती आणि मुलीची कारकीर्द तिने हाताने घडवली होती. दुसरी मुलगीच का घेत नाही, असा टोला तिने दिल्याचे आणि दोघी मायलेकी तेथून निघाल्याचे जिंजरने लिहिले आहे. त्यानंतर त्यांना परत बोलावून घ्यावे लागले.

दोन्ही हकिकती शेजारी ठेवल्या, की मधली एक गोष्ट ठळक होते. तक्रार पिसे सुटण्याची होती. सुचवलेला उपाय मात्र झगाच बदलण्याचा होता. शिवणीत दोष असेल तर शिवण सुधारावी, हा विचार पहिल्या तासाभरात कोणाला सुचलेला दिसत नाही. सगळे एकदम 'हा झगा हवा की नको' या टोकावर गेले, आणि त्या टोकावर गेल्यावर वाद कापडाचा राहिला नाही, मानापमानाचा झाला. जिंजरच्या हाती असलेले एकुलते एक क्षेत्रही तिच्याकडून काढून घेतले जात होते. तिने ते सोडले नाही, यात नवल नाही.

एक रात्र आणि सुईदोरा

पेच सुटला तो चर्चेने नव्हे, शिवणकामाने. शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया एक जादा रात्र झग्यावर बसल्या आणि पिसे नव्याने पक्की केली गेली. दुसऱ्या खेपेला पिसांची गळती इतकी कमी झाली, की चित्रीकरण होऊ शकले. पूर्ण थांबली नाही. जी थोडी सुटली ती आजही पडद्यावर आहेत.

या स्त्रियांची नावे श्रेयनामावलीत नाहीत. झग्याच्या किश्शात अस्टेअर आहे, जिंजर आहे, आई आहे, दिग्दर्शक आहे. ज्यांच्या टाक्यांवर ते नृत्य उभे राहिले त्या मात्र 'शिवणकाम करणाऱ्या' एवढ्याच ओळखीने उरल्या. एकेका मऊ तंतूच्या गुच्छाचा देठ चिमटीत धरून, साटीनला चुणी पडू न देता, बाहेरून टाका दिसणार नाही अशा बेताने टाचणे हे किती चिकाटीचे काम आहे, हे साडीला फॉल लावतानाही ज्याची बोटे दुखली आहेत त्याला सांगावे लागणार नाही. साटीनवर सुईचे चुकलेले छिद्रही राहून जाते.

नृत्यात झगा काय करतो

आता मूळ प्रश्न असा, की इतका खटाटोप करण्याजोगे त्या झग्यात काही होते का? याचे उत्तर आठवणींत शोधण्यापेक्षा पडद्यावर शोधलेले बरे.

प्रसंग व्हेनिसमधला आहे, पण हे व्हेनिस संपूर्ण बनावट आहे. व्हॅन नेस्ट पोलग्लेस आणि कॅरल क्लार्क यांनी दोन जोडून असलेल्या स्टुडिओ-दालनांत कालवा, पूल आणि नाचाच्या फरशा उभारल्या. जवळजवळ सगळे बांधकाम पांढरे, आणि ते उठून दिसावे म्हणून कालव्याच्या पाण्यात काळा रंग कालवलेला. पांढऱ्या भिंती, काळे पाणी, काळा कोट. अशा चित्रात नायिकेला वेगळे कसे काढायचे? लाल वा हिरवा झगा घालून उपयोग नाही, कारण सगळ्याचे रूपांतर अखेर करड्या छटांतच व्हायचे. साधा पांढरा झगा भिंतीत मिसळला असता आणि काळा तिच्या जोडीदाराच्या कोटात. उरतो तो पोत. डेव्हिड एबलच्या छायाचित्रणात प्रकाश पिसांच्या कडांवर पडतो तेव्हा तिच्या आकृतीभोवती एक अस्पष्ट, हलती कड तयार होते. आजूबाजूच्या गुळगुळीत, टणक, कोरीव वस्तूंमध्ये मऊ असे ते एकच असते. कृष्णधवलात जे काम रंगाने व्हायचे नाही, ते येथे पिसांनी केले आहे.

दुसरे काम हालचालीचे आहे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. कापड शरीराबरोबर फिरते आणि शरीर थांबले, की थोड्याच वेळात लोंबते. पिसे मात्र शरीराच्या किंचित मागे राहतात. ती गिरकी घेते, थांबते, आणि ती थांबल्यानंतरही घेर क्षणभर पुढे जाऊन मग सावकाश परततो. या नृत्यात जिंजर अस्टेअरच्या हातावर भार टाकून पुन्हापुन्हा मागे झुकते, शेवटी तर फारच खोल. अशा वेळी शरीर स्तब्ध असते आणि पिसे निवत असतात. थांबणेसुद्धा डोळ्यांना दिसते, हे साध्या झग्याने कधीच साधले नसते. झुकताना त्याचा हात तिच्या उघड्या पाठीवर टेकलेला असतो; पाठ मोकळी ठेवण्याचा निर्णय शिवणाराचा असो वा नेसणारीचा, त्याच्या पकडीला तो सोयीचाच ठरला.

तिसरी बाजू कथेची. नायिका डेल हिचा समज झाला आहे, की हा जेरी म्हणजे आपल्याच मैत्रिणीचा, मॅजचा नवरा. मॅजला या गैरसमजाचा पत्ता नाही, आणि ती उलट दोघांनी जवळ येऊन नाचावे म्हणून खुणा करते. डेल नाचते ती संकोचाने, अपराधी मनाने, आणि तरीही मन ओढले जात असताना. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये नीतिसंहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याच्या नियमांची, अंमलबजावणी काटेकोर झाली होती, तेव्हा या ओढीचा सगळा भार नृत्यावरच होता. चुंबनाने किंवा शयनगृहातल्या प्रसंगाने तो उचलणे शक्य नव्हते. बर्लिनचे गाणेही त्या मानाने रचलेले आहे. त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांचा ठरलेला साचा ३२ मात्रा-खंडांचा असे, हे ७२ खंडांचे आहे. चाल चढत जाते, मध्येच अनपेक्षित वळण घेऊन गडद होते आणि मग मूळ सुरावर परतते. जोडीलाही तेवढाच अवकाश मिळतो: आधी गर्दीतली कुजबुज, मग मोकळी जागा, मग उसळी, मग शांत होत जाणे. शेवटी ती भिंतीला टेकून उभी राहते तेव्हा पिसेही निवलेली असतात. चेहऱ्यावर सुख आहे आणि त्यामागोमाग भानही येते. थोड्याच वेळात तो लग्नाची गोष्ट काढतो आणि ती त्याच्या मुस्काटात मारते.

हे सगळे पाहिल्यावर माझे मत असे, की झग्याबाबत जिंजरचा निर्णय बरोबर होता आणि पिसांबाबत अस्टेअरची तक्रारही बरोबर होती. या दोन गोष्टी परस्परविरोधी नव्हत्या. त्यांना विरोधी बनवले ते कामाच्या क्रमाने. झगा आठवडाभर आधी तालमीच्या खोलीत आला असता, तर पिसे पियानोवादकाच्या अंगावर उडाली असती, सगळे हसले असते आणि शिवणकाम दिवसाउजेडी झाले असते. तालमीवर इतका वेळ खर्च करणाऱ्या, पावलाच्या टोकापर्यंत सगळे आधीच ठरवणाऱ्या अस्टेअरने वेश मात्र शेवटच्या दिवसावर सोडला, ही या प्रकरणातली खरी त्रुटी. तिची जबाबदारी जिंजरवर टाकता येत नाही, कारण तालमीचे वेळापत्रक तिच्या हातात नव्हते.

पुढच्या वर्षीचा धडा, अर्धाच शिकलेला

या निष्कर्षाला पुष्टी देणारी एक गोष्ट लगेच पुढच्या वर्षी घडली. १९३६ सालच्या 'फॉलो द फ्लीट' या चित्रपटातील 'लेट्स फेस द म्युझिक अँड डान्स' या नृत्यासाठी जिंजरचा झगा मण्यांनी मढवलेला होता, आणि तो चांगलाच जड होता. बाह्या खाली रुंद होत गेलेल्या. पहिल्याच चित्रणात गिरकी घेताना बाहीचा फटका अस्टेअरच्या तोंडावर बसला. डोके गरगरत असतानाही त्याने नृत्य थांबवले नाही, पूर्ण केले. त्यानंतर बाही चुकवण्याच्या खबरदारीने सुमारे वीस वेळा ते नृत्य टिपले गेले. अखेर चित्रपटात ठेवले ते पहिलेच, फटका बसलेले.

म्हणजे पिसांच्या प्रकरणानंतरही वेश आणि नृत्य यांची भेट कॅमेऱ्यासमोरच होत राहिली. फरक एवढाच, की या वेळी ओरडा झाला नाही, आईला बोलावणे गेले नाही आणि जुना झगा घाल असेही कोणी म्हटले नाही. जोडीदार काय घालून येईल ते सोसायचे, हे अस्टेअरने तोवर मान्य केले होते, असे दिसते. आणि पहिलेच चित्रण निवडले, यावरून हेही कळते, की वेशाशी झुंजताना नृत्यात जे येते ते वीस निर्दोष चित्रणांत येईलच असे नाही. जिंजरने हे सगळे अस्टेअरप्रमाणेच, पण उलट्या पावलांनी आणि उंच टाचांवर केले, हे वाक्य आता सर्वतोमुखी झाले आहे. ते मुळात १९८२ साली एका अमेरिकी वृत्तपत्रीय व्यंगचित्रमालिकेत आले. त्यात 'पंचवीस पौंड वजनाच्या मण्यांसह' अशी भर घालायला हरकत नव्हती.

समेट

'चीक टू चीक'चे चित्रीकरण पार पडल्यावर काही दिवसांनी जिंजरला एक लहानशी डबी मिळाली. आत सोन्याचे एक पीस होते, हातातल्या साखळीला अडकवता येईल असे, आणि सोबत फ्रेडची चिठ्ठी, तिला 'फेदर्स' म्हणजे 'पिसे' अशी हाक मारणारी. ते टोपणनाव पुढे कायम राहिले. अस्टेअर आणि पॅन यांनी त्याच गाण्याच्या चालीवर पिसांचा राग आळवणारे विडंबनही रचून तिला ऐकवले. झाले ते चुकले, असे शब्दांत कोणी म्हटल्याची नोंद नाही. पण झगा त्याला नको होता आणि आता त्या झग्याचीच आठवण तो सोन्यात घडवून देत होता, हे जिंजरला पुरेसे वाटले असावे.

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ऑगस्ट १९३५ च्या अखेरीस चित्रपट झळकला. सहा लाखांच्या खर्चावर कंपनीला तेरा लाख डॉलरच्या वर नफा झाला, आणि त्या दशकातला तो आरकेओचा सर्वाधिक फायद्याचा चित्रपट ठरला. ऑस्करसाठी त्याला चार नामांकने होती, त्यांपैकी एक 'चीक टू चीक' या गाण्याला आणि एक पॅनच्या नृत्यदिग्दर्शनाला. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

मात्र पिसांचा हिशेब अस्टेअरने त्याआधीच, १९४८ साली, पडद्यावर चुकता केला होता. 'ईस्टर परेड' या रंगीत चित्रपटात, पुन्हा बर्लिनच्याच गाण्यांच्या संगतीत, तो ज्यूडी गार्लंडबरोबर एका दिमाखदार नृत्यात उतरतो. तिच्या अंगावर पिसांचा झगा आहे. प्रत्येक गिरकीला पिसे सुटतात, हवेत भिरभिरतात, त्याच्या अंगावर येतात, आणि तो चेहरा सरळ ठेवून नाचत राहतो. या खेपेस मात्र एकूण एक पीस तालमीत ठरल्याप्रमाणे उडत होते.